एक डोंगर, एक नदी, एक धरण: कला-वाणिज्यच्या विद्यार्थ्यांनी भूविज्ञानाचं सत्र कसं लावावं

बी.ए. किंवा बी.कॉम. करताना दुसऱ्या शाखेचा विषय म्हणून भूविज्ञान घेतलेल्या मुलामुलींना विषय अवघड जात नाही, त्याचा क्रम अवघड जातो. पुस्तक पृथ्वीच्या गाभ्यापासून सुरू होतं, मग वीस-पंचवीस खनिजं येतात, मग अग्निजन्य, स्तरित आणि रूपांतरित खडकांचे तक्ते. साताऱ्यात किंवा सांगलीत राहणाऱ्याला यातलं फारच थोडं दाराबाहेर दिसतं. दिसतो तो काळा पाषाण (बेसाल्ट), उंचावर जांभा, सखल भागात काळी माती आणि या सगळ्यातून वाट काढणारी कृष्णा. पाहिलेल्या गोष्टीवर व्याख्या बसते. न पाहिलेल्या गोष्टीची व्याख्या परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी पुसली जाते.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे: आधी हातातला दगड, मग डोंगर, मग नकाशा, नदी आणि शेवटी भूकंप. दोन श्रेयांकांचा विषय म्हणजे वर्गातले साधारण ३० तास. खालची कामं त्या तासांच्या जोडीला चार रविवार आणि काही संध्याकाळी एवढ्यात बसतात. गणित लागतं ते गुणाकार-भागाकारापुरतं.

पिशवीत काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, लोखंडी खिळा, फुटक्या काचेऐवजी काचेची जुनी बाटली, बिनचकाकीच्या फरशीचा तुकडा (चकचकीत फरशी उलटी केली की मागची बाजू चालते), छोटं लोहचुंबक, पाच मीटरची टेप, लिंबाचा रस भरलेली ड्रॉपरची बाटली, आलेखवही आणि पेन्सिल. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा डिजिटल वजनकाटा घरीच ठेवा, तो दगडाच्या घनतेसाठी लागेल. हातोडीची गरज नाही. घाटात पडलेले तुकडे पुरतात, आणि नवख्या हातात हातोडी आली की उडालेली कपची डोळ्यात जाते.

वही आखताना प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे फक्त पाहिलेलं आणि मोजलेलं, उजवीकडे त्यावरून काढलेला अर्थ. ही सवय पहिल्या दिवशी लागली नाही तर पुढे लागत नाही.

पहिला आठवडा: एकच दगड

खडी क्रशरच्या वाटेवर, विहिरीच्या डबरात किंवा ओढ्यात मुठीएवढा काळा दगड सहज सापडतो. वरून तपकिरी पडलेला असेल तर ताजी फुटलेली बाजू शोधा, कारण खडकाची ओळख ताज्या बाजूवर होते. भिंगातून पाहिलं की दाणे जवळजवळ दिसतच नाहीत. एवढे बारीक दाणे म्हणजे वितळलेला रस पटकन थिजला, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही. पाक झटकन थंड झाला तर बारीक रवा पडतो आणि सावकाश थंड झाला तर मोठे खडे धरतात, तसंच हे. ग्रॅनाइटचे दाणे डोळ्यांना दिसतात कारण तो खोलवर, सावकाश थंड झालेला असतो. स्वयंपाकाच्या ओट्याची फरशी शेजारी ठेवून पाहा, पण दुकानात 'काळा ग्रॅनाइट' म्हणून मिळणारे सगळेच दगड ग्रॅनाइट नसतात. करड्या-गुलाबी, ठिपकेदार फरशीशी तुलना करा.

आता घनता. काट्यावर दगडाचं वजन घ्या. समजा ते ४१२ ग्रॅम आलं. मग पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून आकडा शून्य करा. दगडाला दोरा बांधून तो पाण्यात पूर्ण बुडेल असा हातात धरा, मात्र तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो दगडाने बाजूला सारलेल्या पाण्याचा, म्हणजेच दगडाच्या घन सेंटिमीटरमधल्या आकारमानाचा. समजा १४२ आला. ४१२ भागिले १४२ म्हणजे २.९०. घट्ट काळ्या पाषाणाचा आकडा साधारण २.८ ते ३.० मध्ये येतो.

आकडा चुकतो तो बहुतेक तीन कारणांनी. दगड तळाला टेकला तर त्याचं वजनही काट्यावर येतं आणि घनता कमी दिसते. दगडाला हवेचे बुडबुडे चिकटले तरी ती कमीच दिसते. तो बुडवून बोटाने चोळा. आणि दगड सच्छिद्र असेल तर कोरडं वजन घेऊन झाल्यावर त्याला रात्रभर पाण्यात ठेवा, पुसून मग बुडवा. नाहीतर पाणी आत शिरत राहतं आणि आकडा हलत राहतो. जांभ्यावर हेच करून पाहा. तुकड्यागणिक आकडा बदलेल, आणि तो का बदलतो हेच त्या दिवसाचं काम. एका दगडाचं मोजमाप तीनदा करा आणि तिन्ही आकडे लिहा. फक्त सरासरी लिहिणाऱ्याची चूक कुणालाच शोधता येत नाही, त्याला स्वतःलाही.

काळ्या पाषाणात बऱ्याचदा पांढरे ठिपके किंवा खडे दिसतात. लाव्हातून वायू निसटताना ज्या पोकळ्या राहिल्या, त्यांत नंतर झिरपलेल्या पाण्याने आणलेली ही खनिजं. ओळखण्याचा क्रम असा ठेवा. खड्याने काचेवर ओरखडा उठला तर ती गारगोटीच्या कुळातली वस्तू. काचेवर ओरखडा उठत नाही, उलट खिळ्याने खडाच खरवडला जातो, असं असेल तर थोडी पूड करून त्यावर लिंबाचे थेंब टाका आणि भिंगातून पाहा. बारीक बुडबुडे आले तर कॅलसाइट. बुडबुडे नाहीत आणि खड्याचे पापुद्रे मोत्यासारखे चमकतात, किंवा स्फटिक गवताच्या पेंढीसारखे पसरलेले आहेत, तर तो बहुधा झिओलाइट गटातला स्टिलबाइट. लिंबाचा रस सौम्य असल्याने अखंड खड्यावर काही दिसत नाही, पूडच लागते. प्रयोगशाळेतलं हायड्रोक्लोरिक आम्ल घरी किंवा घाटात नेऊ नका.

दुसरा टप्पा: यवतेश्वर ते कास

सत्राची खरी मेजवानी या एका दिवसात आहे. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या पठारावर जाणारा रस्ता म्हणजे डोंगराचा उभा काप. शहरातून साधारण २५ किलोमीटर जाताना काळ्या पाषाणाच्या थरांवर थर चढत आपण शेवटी सुमारे १२०० मीटर उंचीवरच्या जांभ्यावर येतो. पावसाळ्यात हा अभ्यास करू नका. ओल्या कापातून दगड सुटतात आणि धुक्यात गाड्यांना माणूस दिसत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, चार-पाचजणांच्या गटाने निघा. वळणाच्या आतल्या बाजूला कधीच थांबू नका, गाडी रुंद जागेवर लावा आणि एकाला फक्त वाहनांवर लक्ष ठेवायला नेमा.

घाटात सहा थांबे घ्या, दर ४०-५० मीटर चढाला एक. प्रत्येक थांब्यावर पंधरा मिनिटं. पहिली पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही आणि खडकाचं नाव लिहायचं नाही. फक्त चित्र काढायचं: थर किती, रंग कोणता, कुठे घट्ट, कुठे भुसभुशीत, भेगा उभ्या की आडव्या. फोटो चित्रानंतर. आधी फोटो काढला की डोळा काम थांबवतो.

मग शोधायच्या खुणा. लाव्हाच्या एका प्रवाहाचा खालचा-मधला भाग घट्ट असतो, त्यात उभ्या भेगा असतात आणि तो कडा होऊन उभा राहतो. वरचा भाग वायूच्या पोकळ्यांनी भरलेला, म्हणून लवकर झिजणारा. तिथे उतार मवाळ होतो. त्यावर पुढचा प्रवाह, पुन्हा कडा, पुन्हा उतार. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचा कडा आणि माची यांचं नातं बऱ्याच ठिकाणी इथून आलं आहे: घट्ट थराचा कडा तटासारखा उभा आणि मऊ थर झिजून तयार झालेली सपाटी माचीला मोकळी. या खडकांना 'ट्रॅप' म्हणतात, तोही स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून. अजिंक्यताऱ्याकडे शहरातून तिरप्या उन्हात पाहिलं तर पायऱ्या मोजता येतात.

दोन प्रवाहांच्या मध्ये कधी कधी विटकरी-तांबडी पट्टी दिसते, काही सेंटिमीटरपासून एखाद-दोन मीटरपर्यंत. हा गेरूसारखा थर महत्त्वाचा. खालचा प्रवाह थंड झाल्यावर त्याचा पृष्ठभाग उघड्यावर राहिला, हवापाण्याने कुजला, आणि मग वरचा प्रवाह आला. म्हणजे दोन उद्रेकांच्या मध्ये वेळ गेला होता, याची ती खूण. ही पट्टी पाण्याला सहज वाट देत नाही, म्हणून तिच्यावरून झरा फुटलेला किंवा हिरवळीची आडवी रेघ धरलेली दिसते. डोंगरउतारावरच्या वाड्या-वस्त्यांचं पाणी कुठून येतं, हे विचारत गेलात तर अनेकदा अशाच उंचीवर पोचाल.

कापात जिथे खडक मुरूम होत चालला आहे तिथे कांद्याच्या पाकळ्यांसारखे गोल थर सुटताना दिसतील आणि मधोमध घट्ट गाठ. हे गोटे नदीने आणलेले नाहीत. भेगांतून पाणी शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तीन बाजूंनी कुजतात, म्हणून कोपरे आधी जातात आणि ठोकळा गोल होतो. नवखे विद्यार्थी इथे हमखास चुकतात, वहीत 'नदीचे गोटे' लिहितात.

उंचीसाठी फोन वापरत असाल तर सावध. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची न देता उपग्रहांच्या गणितातल्या लंबगोलापासूनची उंची देतात, आणि आपल्या भागात ती नकाशापेक्षा पन्नास मीटरहून अधिक कमी दिसते. निघण्याआधी नकाशावर उंची दिलेल्या एखाद्या ठिकाणी उभं राहून फरक काढा आणि तो प्रत्येक आकड्यात मिळवा. होकायंत्र खडकाला टेकवू नका. काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट असतं आणि सुई ओढली जाते. हाताच्या अंतरावर धरून वाचन घ्या.

वर पोचल्यावर खडकाचं रूपच पालटतं. जांभा हा निराळा लाव्हा नाही. काळ्याच पाषाणातून उष्ण, ओल्या हवेत लाखो वर्षं पाणी झिरपलं. सिलिका, कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन गेलं आणि लोह व ॲल्युमिनियम मागे उरलं. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या गंजाचा. पाचगणीचं टेबललँडही याच जांभ्याच्या टोपीखाली सपाट राहिलं आहे. कासवर माती बोटभर, पावसाळ्यात पाणी उथळ खळग्यांत साचतं आणि त्या काही आठवड्यांच्या ओलीवर तिथली फुलं जगतात. भूविज्ञान कळलं की फुलं तिथेच का, हेही कळतं. पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत २०१२ साली समावेश झालेली ही जागा आहे: आखलेल्या वाटेबाहेर पाऊल टाकू नका आणि पठारावरून एक खडाही उचलू नका. जांभ्याचा नमुना हवा असेल तर जुन्या बांधकामाच्या ढिगातून घ्या.

घरी येऊन सहा थांब्यांची चित्रं एका उभ्या पट्टीवर उंचीप्रमाणे चिकटवा, एक सेंटिमीटरला २० मीटर या मापाने. हा तुमचा स्तंभ. मोठा स्तंभ कुठे आहे हे माहीत असू द्या: पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढताना सव्वा किलोमीटरहून जास्त उंचीचा लाव्हा आपण पार करतो. भूवैज्ञानिकांनी या थरांना खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा अशी नावं दिली आहेत आणि ते सगळे वाई उपगटात मोडतात. जगभरचे अभ्यासक दख्खनच्या लाव्हाबद्दल बोलताना आपल्या गावांची नावं घेतात, हे इथल्या विद्यार्थ्याला ठाऊकच नसतं.

काळाची दोरी

एक संध्याकाळ पुरते. ४ मीटर ५४ सेंटिमीटर लांबीची दोरी घ्या. एक सेंटिमीटर म्हणजे एक कोटी वर्षं. एक टोक पृथ्वीचा जन्म, दुसरं आज. आजच्या टोकापासून मागे ५४ सेंटिमीटरवर गाठ मारा, तिथून पुढे कवच-सांगाडे असलेल्या प्राण्यांचे जीवाश्म मुबलक मिळू लागतात. २३ सेंटिमीटरवर डायनासोर येतात. ६.६ सेंटिमीटरवर दोन गोष्टी एकत्र: डायनासोरांचा शेवट आणि दख्खनचा मुख्य लाव्हा. माणूस, म्हणजे आपली जात, सुमारे तीन लाख वर्षं, दोरीवर ०.३ मिलिमीटर. १६७४ चा रायगडावरचा राज्याभिषेक ते आज हे अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागातही मावतं. वर्गात दोरी दोघांनी धरावी आणि बाकीच्यांनी गाठी मारताना आधी अंदाज सांगावा. बहुतेकांचा अंदाज डायनासोरांना दोरीच्या मध्यावर ठेवतो.

नकाशा आणि छेद

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशा पोर्टलवर नोंदणी केली की १:५०,००० मापाचे स्थलदर्शक नकाशे उतरवून घेता येतात. सातारकरांना एक त्रास होतो: शहर ७४ अंश पूर्व रेखावृत्ताच्या काठावर आहे, त्यामुळे जुन्या क्रमांकांत ते ४७ जी आणि ४७ के या दोन पत्रकांच्या सांध्यावर येतं. एकच पत्रक घेतलं तर निम्मा परिसर नकाशाबाहेर राहतो. दोन्ही छापून कडा जुळवून चिकटवा. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर माप बिघडतं. छापल्यावर मापपट्टीवर सेंटिमीटरची पट्टी ठेवून खात्री करा.

या मापात एक सेंटिमीटर म्हणजे ५०० मीटर आणि दोन समोच्चरेषांत (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांत) २० मीटरचा फरक. आता अजिंक्यताऱ्यापासून पूर्वेला कृष्णेपर्यंत सरळ रेघ मारा. कागदाची पट्टी रेघेवर ठेवून जिथे जिथे समोच्चरेषा कापली जाते तिथे खूण करा, शेजारी उंची लिहा. ती पट्टी आलेखाच्या तळाशी ठेवून प्रत्येक खुणेवर उंचीइतका बिंदू उभा करा आणि बिंदू हाताने जोडा. उभं माप एक सेंटिमीटरला १०० मीटर घेतलं तर डोंगर पाचपट उंच दिसेल. छेदावर 'उभी अतिशयोक्ती ५ पट' असं लिहिलंच पाहिजे. खरा उतार काढायचा तर आकड्यांवरून काढा: ४ मिलिमीटरमध्ये १०० मीटरचा चढ आला, तर २०० मीटर आडव्यावर १०० मीटर उभा, म्हणजे साधारण २७ अंश. कडा जिथे खरंच उभा आहे तिथे रेषा एकमेकींवर चढतात आणि मोजणं अशक्य होतं, तेवढी जागा तुटक रेघेने दाखवा.

नदी: वेण्णेच्या ओंजळीपासून सांगलीच्या पुरापर्यंत

ऑगस्ट आला की इथल्या घराघरात टीएमसी आणि क्युसेक हे शब्द ऐकू येतात. ते किती हे हाताने मोजलेलं फार थोड्यांनी. जानेवारीत, पाणी गुडघ्याखाली असताना, वेण्णेच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या सरळ पट्ट्यात २० मीटर अंतर आखा. अर्धी पाण्याने भरलेली छोटी बाटली प्रवाहाच्या मधोमध सोडा आणि वेळ मोजा, पाच वेळा. रिकामी बाटली वाऱ्याने भरकटते, म्हणून अर्धी भरलेली. समजा सरासरी ५० सेकंद आले: वेग सेकंदाला ०.४ मीटर. पण पृष्ठभागावरचं पाणी तळाकाठच्या पाण्यापेक्षा जोरात जातं, म्हणून ०.८५ ने गुणा: ०.३४. आता पात्रात आडवी टेप धरून दर मीटरला खोली मोजा. रुंदी ८ मीटर, सरासरी खोली ०.४ मीटर, तर छेदाचं क्षेत्रफळ ३.२ चौरस मीटर. गुणाकार: सेकंदाला सुमारे १.०९ घनमीटर. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणून हा प्रवाह साधारण ३८ क्युसेक.

एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. ११,५७४ क्युसेक पाणी अखंड एक दिवस वाहिलं की एक टीएमसी होतं. तुमच्या ३८ क्युसेकच्या ओढ्याला तेवढ्यासाठी सुमारे ३०० दिवस लागतील. कोयनेच्या जलाशयाची क्षमता १०५.२५ टीएमसी. धरणातून ५०,००० क्युसेक सोडले अशी बातमी आली तर दिवसाला ४.३ टीएमसी नदीत उतरलं. हा हिशेब ज्याला येतो, तो बातमी वाचून घाबरतही नाही आणि गाफीलही राहत नाही.

मग नकाशावर कृष्णेचा माग काढा. महाबळेश्वरहून निघालेली कृष्णा संगम माहुलीला वेण्णा घेते. कोयना महाबळेश्वरहूनच निघून दक्षिणेला लांबवर जाते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला समोरासमोर भिडते. पुढे सांगलीच्या खाली हरिपूरला वारणा आणि त्याहीखाली नृसिंहवाडीला पंचगंगा. डोंगरातला तीव्र उतार संपून खोरं सपाट झालं की पाणी थबकतं, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात वारणा-पंचगंगेचा पूर खालून कृष्णेला अडवतो. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं.

इथे एक चूक सगळेच करतात. पुलावरची पातळी एक फूट वाढली म्हणजे पाणी दर वेळी सारखंच वाढलं, असं नाही. काठाच्या आत असताना नदी अरुंद असते. काठ ओलांडून मळीच्या जमिनीत पसरली की एका फुटामागे कितीतरी जास्त पाणी असतं. म्हणून पूर वरच्या पातळीवर सावकाश चढतो आणि उतरतानाही दिवस घेतो. सांगलीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या गल्लीतल्या पूरखुणा शोधून दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजावं आणि जमिनीची उंची नकाशावरून काढावी. ज्येष्ठांना विचारून आलेलं साल आणि भिंतीवर लिहिलेलं साल वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.

कृष्णेकाठच्या वाळूत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चुंबक फिरवा. काळे कण चिकटतील. यवतेश्वरच्या घाटात ज्या मॅग्नेटाइटने होकायंत्र फसवलं, तेच हे, झिजून नदीपर्यंत आलेलं.

कोयना: तीन वर्तुळांचा भूकंप

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगरला ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे १८० माणसं गेली. १०३ मीटर उंचीच्या धरणामागे पाणी साठू लागून तेव्हा काहीच वर्षं झाली होती. जलाशयामुळे चेतवला गेलेला एवढा मोठा दुसरा भूकंप जगात नोंदलेला नाही. 'पाण्याच्या ओझ्याने जमीन खचली' हे स्पष्टीकरण अपुरं आहे. खोलवरच्या भेगांवर ताण आधीपासून होता. जलाशयाचं पाणी भेगांत झिरपून तिथला दाब वाढला, दोन बाजूंना घट्ट धरणारी पकड सैल झाली आणि साठलेला ताण सुटला. हेच समजून घेण्यासाठी या भागात तीन किलोमीटर खोल छिद्र घेतलं गेलं. त्यात सुमारे सव्वा किलोमीटर काळ्या पाषाणाखाली ग्रॅनाइट लागला. त्या कामाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीत आहे; सहल नेण्यासारखी जागा, पण महाविद्यालयाच्या पत्राने आधी परवानगी घ्या.

आता भूकंपाचं ठिकाण कसं शोधतात ते स्वतः करा. भूकंपातून आधी प्राथमिक लाट येते, मग सावकाश येणारी दुय्यम लाट. ढगांचा गडगडाट विजेनंतर जितका उशिरा तितकी वीज लांब, तसंच इथे: दोन लाटांमधले सेकंद गुणिले ८ म्हणजे साधारण किलोमीटरमधलं अंतर. आलेखकागदावर एक सेंटिमीटरला ५ किलोमीटर माप धरा. मध्यावर सातारा. तिथून ४ सेंटिमीटर उजवीकडे आणि ८.८ खाली कराड. साताऱ्यापासून ७.२ डावीकडे आणि ५.३ वर महाबळेश्वर. सरावासाठी साताऱ्याला ५.१ सेकंद, कराडला ६ आणि महाबळेश्वरला ७.४ सेकंद धरू. अंतरं येतात सुमारे ४१, ४८ आणि ५९ किलोमीटर, म्हणजे ८.२, ९.६ आणि ११.८ सेंटिमीटर त्रिज्येची वर्तुळं. ती साताऱ्याच्या डावीकडे साधारण ५.३ आणि खाली ६.३ सेंटिमीटरवर भेटतील. नकाशावर तिथे कोयनेचं धरण आहे.

वर्तुळं एका बिंदूत भेटली नाहीत, छोटा त्रिकोण राहिला, तर तो खोडू नका. भूकंप जमिनीखाली काही किलोमीटरवर असतो आणि आपण मोजतो ते तिरपं अंतर. शिवाय ८ हा आकडाही खडकाप्रमाणे थोडा बदलतो. त्रिकोणाचा आकार म्हणजे तुमच्या उत्तराची खात्री किती, त्याचं माप. दोनच वर्तुळं काढली तर दोन उत्तरं येतात, म्हणून तिसरं केंद्र लागतं.

तीव्रतेचा एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. चार तीव्रतेचे पाच धक्के म्हणजे पाच तीव्रतेचा एक, असा हिशेब उत्तरपत्रिकेत दर वर्षी सापडतो आणि तो चूक आहे.

माती आणि पाऊस, थोडक्यात

काळ्या मातीची परीक्षा: वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली १० ग्रॅम माती १०० मिलिलिटरच्या दोन उभ्या मापकांत घाला. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. हवा निघेपर्यंत हलवून २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. पाण्यातल्या उंचीतून रॉकेलमधली वजा करून तिला रॉकेलमधल्या उंचीने भागा, शंभरने गुणा. आकडा ५० च्या पुढे गेला तर त्या जमिनीवर उथळ पायाचं घर बांधलं की भिंतीला तडे येणार, हे बांधकाम करणारा गवंडी आधीच सांगतो. पाया मुरुमापर्यंत नेण्याचं कारण हेच. रॉकेल मिळालं नाही तर प्रयोगशाळेतून मागा, पेट्रोल वापरू नका.

पावसासाठी जिल्ह्याची तालुकावार आकडेवारी जून ते सप्टेंबर रोज वहीत उतरवा. महाबळेश्वरला वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास आणि त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. सह्याद्री चढताना हवा थंड होऊन पाऊस सांडते आणि पलीकडे उतरताना तापते, म्हणून पूर्वेला ढग दिसतात पण बरसत नाहीत. माणदेशाचा पाऊस बराचसा सप्टेंबरकडे सरकलेला असतो, त्यामुळे जुलैच्या आकड्यांवरून त्याची सरासरी काढू नका. घरच्या पर्जन्यमापकासाठी सरळ बाजूंची बाटली कापून वरचा भाग उलटा बसवा, तोंडाचा आणि पोटाचा व्यास सारखा हवा. तळ वाकडा असेल तर सरळ भाग सुरू होईपर्यंत पाणी भरून तिथे शून्याची खूण करा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका हेक्टरवर १०,००० लिटर.

प्रकल्पवही जमा करताना

पहिल्या पानावर नकाशा आणि त्यावर तुमचे थांबे. प्रत्येक आकड्यापुढे एकक आणि किती वेळा मोजलं ते. छेदाला दिशा, चित्राला माप. चित्रात माणूस, पेन किंवा पट्टी दाखवल्याशिवाय कड्याची उंची कळत नाही. नमुन्यावर रंग लावून आकडा लिहा आणि वहीत तोच आकडा, ठिकाण आणि तारीख. चिकटपट्टीवरचा आकडा उन्हाळ्यात गळून पडतो. तोंडी परीक्षेत 'हा कुठला खडक?' असं विचारलं तर नाव शेवटी सांगा. आधी दाणे, रंग, घनता, पोकळ्या, सापडण्याची उंची सांगा. नाव चुकलं तरी निरीक्षणाचे गुण मिळतात, आणि निरीक्षण नीट असेल तर नाव फारसं चुकत नाही.